पहिला आणि दुसरा यांमधले अंतर

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेतील असंख्य घरांत, कचेऱ्यांत आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत एक निराळीच लगबग सुरू होते. दहा-बारा मित्र, चुलत-मावस भावंडे किंवा सहकारी टेबलाभोवती नाहीतर संगणकाच्या पडद्यासमोर जमतात. प्रत्येकाजवळ नावांची एक लांबलचक यादी असते. पाळीपाळीने एकेक जण त्यातील एकेक नाव उच्चारतो आणि तो खेळाडू त्याच्या कागदी संघात जमा होतो. प्रत्यक्ष खेळाडूला या खरेदीची वार्ताही नसते. या बैठकीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. ज्यांना या शब्दाचा बँकेतला अर्थच ठाऊक आहे, अशा सांगली-सोलापूरकडील आजोबांना, ‘‘आज माझा ड्राफ्ट आहे, उद्या फोन करतो’’ असे न्यू जर्सीतला नातू म्हणाला की क्षणभर वाटते, मुलाला पैशाची निकड लागली की काय!

निकड असते ती पैशाची नव्हे, निर्णयाची. हा खेळ म्हणजे फँटसी फुटबॉल आणि त्यातील सर्वांत वादाचा विषय म्हणजे ‘वाइड रिसीव्हर’ या जागेवरील खेळाडूंची क्रमवारी. २०२५ चा अमेरिकन फुटबॉलचा हंगाम ४ सप्टेंबर रोजी सुरू झाला. हंगामापूर्वीच्या पंधरवड्यात या क्रमवारीवर जितका खल होतो, तितका एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावरही होत नसेल. परदेशातील आपली मुले ज्यात इतकी रमतात ते नेमके काय आहे, हे समजून घेणे व्यापारी घरातील वाचकाला मुळीच अवघड नाही. कारण हा विषय वरून खेळाचा दिसला तरी आतून मालाच्या मूल्यांकनाचा आहे.

प्रथम मूळ खेळ. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पायाने क्वचितच मारला जातो. तो हाताने फेकला जातो, झेलला जातो, कवटाळून पळवला जातो. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू. चढाई करणाऱ्या संघाने चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचे. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर बहुधा चेंडू प्रतिपक्षाकडे. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की ‘टचडाउन’, त्याचे ६ गुण. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. मैदानाच्या कडेला उभा राहून, इशारा मिळताच वाऱ्यासारखा धावत सुटणारा आणि अंगावर धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला चुकवून तो चेंडू झेलणारा तो वाइड रिसीव्हर. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये असे ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो.

फँटसीमध्ये या प्रत्यक्ष कामगिरीचे गुणांत रूपांतर होते. झेलून मिळवलेल्या दर १० यार्डांना १ गुण, टचडाउनला ६ गुण. आणि आता बहुतेक ठिकाणी प्रत्येक झेलाला आणखी १ गुण. दर आठवड्याला दोन कागदी संघांची लढत लागते; ज्याच्या खेळाडूंची बेरीज अधिक तो जिंकला. कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकनबाख यांनी १९६२ मध्ये संघाच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात, संघाचे प्रसिद्धी अधिकारी आणि एक क्रीडा-वार्ताहर यांना सोबत घेऊन नियम लिहून काढले. १९६३ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. भाग घेणारे आठ. त्या काळी मुख्य किंमत टचडाउनला होती. यार्ड आणि झेल मोजण्याची पद्धत पुढे रुळली आणि तिने वाइड रिसीव्हरचे मोल पार बदलून टाकले.

नियम बदलला की क्रम बदलतो, ही गोष्ट नवशिक्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. २०२४ च्या हंगामातील दोन खेळाडू पाहावेत. न्यूयॉर्क जायंट्सच्या मलिक नेबर्सने पदार्पणातच १०९ झेल घेतले, १,२०४ यार्ड आणि ७ टचडाउन मिळवले. वॉशिंग्टनच्या टेरी मॅक्लॉरिनचे झेल ८२, यार्ड १,०९६ आणि टचडाउन १३. झेलाला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये नेबर्सचे सुमारे २७१ आणि मॅक्लॉरिनचे सुमारे २७० गुण होतात. दोघे जवळजवळ बरोबरीत. झेलाचा गुण काढून टाकला तर नेबर्स १६२ वर येतो आणि मॅक्लॉरिन १८७ वर राहतो. माल तोच, मापे निराळी. आपल्या लीगचे माप न पाहता कोणाची तरी छापील यादी हाती घेऊन बसणे म्हणजे मणाचा भाव क्विंटलला लावण्यासारखे आहे.

यानंतरचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे आणि या साऱ्या खेळाचे मर्म त्यातच आहे. क्रमवारीत १, २, ३ असे आकडे एकाखाली एक लिहिले की ते समान अंतरावर आहेत असा भास होतो. प्रत्यक्षात तसे कधीच नसते. २०२४ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सच्या जमार चेसने १२७ झेल, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाउन मिळवले. तिन्हींत तो अव्वल ठरला. केवळ झेलांच्या हिशेबाने त्याचे गुण जवळपास ४००. दुसऱ्या क्रमांकावरील मिनेसोटाच्या जस्टिन जेफरसनचे ३१६. तिसऱ्या क्रमांकावरील डेट्रॉइटच्या आमोन-रा सेंट ब्राउनचे ३१३. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये ८४ गुणांची दरी, तर दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये अवघ्या ३ गुणांची फट. यादीत मात्र दोन्ही ठिकाणी फरक एकाचाच दिसतो. जेफरसन आधी की सेंट ब्राउन यावर रात्र जागवणारे वाद होतात. तो वाद ३ गुणांचा होता. खरा प्रश्न होता तो चेसची पाळी आपल्यापर्यंत येते की नाही, हा.

म्हणूनच जाणकार मंडळी क्रमांकांऐवजी पायऱ्या पाडतात. एका पायरीवर चार-पाच नावे. त्यांतील कोणीही मिळाले तरी फारसे बिघडत नाही. पायरी संपत आली, तिच्यावर एकच नाव उरले, तर मात्र हात आखडता घेऊ नये. कापडाच्या दुकानात एकाच प्रतीचे पाच तागे असले तर ग्राहक कोणता उचलतो याची मालक चिंता करीत नाही; शेवटचा ताग उरला की भाव बोलू लागतो. या विचाराची पुढची पायरी जो ब्रायंट या अमेरिकन लेखकाने मांडली आणि ती आता सर्वमान्य झाली आहे. खेळाडूचे मोल त्याच्या एकूण गुणांवर ठरवायचे नाही; त्याच जागेवरचा, कोणालाही सहज मिळू शकेल असा जो शेवटचा उपयुक्त खेळाडू, त्याच्याहून तो किती अधिक देतो यावर ठरवायचे. बारा संघांच्या लीगमध्ये प्रत्येकी तीन रिसीव्हर खेळवले जात असतील तर ३६ रिसीव्हर कामास लागतात. समजा, छत्तिसावा १७० गुण देणार असेल आणि पहिला ३५०, तर पहिल्याचे मोल ३५० नव्हे, १८० आहे. एखादा क्वार्टरबॅक समजा ३८० गुण देईल. पण प्रत्येकाला एकच क्वार्टरबॅक लागतो आणि बारावा जर ३०० देत असेल, तर त्या ३८० चे मोल ८० च. नवखा माणूस मोठा आकडा पाहून क्वार्टरबॅककडे धावतो. ज्याने ढोबळ विक्री आणि निव्वळ नफा यांतला भेद लहानपणीच गल्ल्यावर बसून शिकला आहे, तो धावत नाही.

काही लीगमध्ये पाळीऐवजी लिलाव असतो. प्रत्येकाला बहुधा २०० काल्पनिक डॉलर मिळतात आणि त्यात सारा संघ उभा करायचा. तिथे तर अंतराचा हा हिशेब उघड्यावरच येतो, कारण क्रमांक सांगून भागत नाही, किंमत उच्चारावी लागते. पाळीच्या पद्धतीपेक्षा लिलावाची पद्धत अधिक प्रामाणिक म्हटली पाहिजे.

पण हे झाले गेल्या वर्षाच्या हिशेबाचे. यादी करायची असते ती येणाऱ्या वर्षाची आणि गतवर्षीचे आकडे पुढच्या वर्षी तसेच्या तसे उतरत नाहीत. मग कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवावा? येथे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून एक गोष्ट पक्की झाली आहे. टचडाउन हे चंचल असतात. खेळाडूच्या दिशेने किती चेंडू फेकले गेले, म्हणजेच किती ‘टार्गेट’ मिळाले, हा आकडा त्या मानाने स्थिर असतो. टार्गेट म्हणजे संधी. प्रशिक्षकाचा आणि क्वार्टरबॅकचा ज्याच्यावर विश्वास, त्याच्याकडे चेंडू जातो आणि हा विश्वास एका वर्षात सहसा आटत नाही. टचडाउन मात्र रेषेपासून दोन हातांवर पकडले जाण्या-न जाण्यावरही ठरतो.

याचे नामांकित उदाहरण कॅल्विन जॉन्सनचे. डेट्रॉइटच्या या खेळाडूने २०१२ मध्ये १२२ झेल घेऊन १,९६४ यार्ड मिळवले. एका हंगामातील यार्डांचा तो विक्रम ठरला. आणि टचडाउन? फक्त ५. पुढच्या वर्षी त्याचे यार्ड १,४९२ पर्यंत उतरले, पण टचडाउन १२ झाले. उलट दिशेचे उदाहरण रँडी मॉसचे. २००७ मध्ये त्याने २३ टचडाउन केले; हा विक्रम अद्याप मोडलेला नाही. पुढच्या हंगामात ते ११ वर आले. म्हणूनच २०२५ च्या याद्यांत मॅक्लॉरिनच्या नावापुढे शंका दिसत होती. २०२३ मध्ये त्याचे टचडाउन ४ होते, २०२४ मध्ये १३ झाले. टार्गेट मात्र ११७ च होते. त्याच हंगामात चेसला १७५, नेबर्सला १७०, जेफरसनला १५४ टार्गेट मिळाले. ज्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि एखाद्याच मोठ्या सौद्यावर वर्षाचा नफा दिसतो, त्या दुकानाला कर्ज देताना हात थोडा राखून ठेवावा लागतो. मॅक्लॉरिन उत्तम खेळाडू आहे. पण त्याच्या १३ टचडाउनची पूर्ण किंमत आगाऊ मोजणे शहाणपणाचे नव्हते.

मॉसच्या घसरणीला दुसरेही एक कारण होते आणि तेही ध्यानात घेतले पाहिजे. २००८ च्या पहिल्याच सामन्यात त्याचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. रिसीव्हर कितीही गुणी असो, चेंडू दुसऱ्याच्या हातून येतो. २०२४ मध्ये याचा प्रत्यय दोनदा आला. डॅलसच्या सीडी लॅमने २०२३ मध्ये १३५ झेल, १,७४९ यार्ड आणि १२ टचडाउन केले होते. २०२४ मध्ये त्याचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट निम्म्या हंगामानंतर जायबंदी झाला आणि लॅम १०१ झेल, १,१९४ यार्ड, ६ टचडाउनवर थांबला. मायामीचा टायरीक हिल २०२३ मध्ये १,७९९ यार्ड मिळवून सर्वांत पुढे होता. पुढच्या वर्षी ९५९ वर आला. त्याच्याही क्वार्टरबॅकला डोक्याच्या दुखापतीमुळे काही सामने बाहेर बसावे लागले. शिवाय हिलचे वय तीस झाले होते आणि या जागेवर वेग हेच भांडवल असते. दोघांनाही त्या वर्षीच्या याद्यांत अगदी वरचे स्थान मिळाले होते.

मग येते दुखापत. तिचा हिशेब कोणत्याही सूत्रात बसत नाही. लॉस एंजेलिस रॅम्सचा कूपर कप हा या बाबतीत लक्षात ठेवावा असा खेळाडू. २०२१ च्या हंगामापूर्वी बहुतेक याद्यांत तो पहिल्या दहांत नव्हता. त्या वर्षी डेट्रॉइटहून मॅथ्यू स्टॅफर्ड हा क्वार्टरबॅक रॅम्सकडे आला आणि कपने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन अशी कामगिरी केली. तिन्हींत पहिला. १९१ टार्गेट. फँटसीच्या मापाने ४३५ हून अधिक गुण. त्या हंगामाअखेर सुपर बोलमध्येही तोच सामन्याचा मानकरी ठरला. साहजिकच २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो अगदी आरंभीच उचलला गेला. नऊ सामने तो त्याच तेजाने खेळला: ७५ झेल, ८१२ यार्ड, ६ टचडाउन. नवव्या सामन्यात घोटा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि हंगाम संपला. ज्यांनी त्याला घेतले त्यांचा निर्णय चुकला होता का? नव्हता. निर्णय योग्य आणि फळ विपरीत, असे व्यवहारात होते. त्याला मूल्यांकनाची चूक समजून पुढच्या वर्षी सारी पद्धतच बदलणे ही मात्र खरी चूक ठरेल. न्यू ऑर्लीन्सच्या मायकल थॉमसचे तर याहून वाईट झाले. २०१९ मध्ये १४९ झेलांचा विक्रम, २०२० च्या पहिल्याच सामन्यात घोट्याला दुखापत, त्या वर्षी सात सामन्यांत ४० झेल आणि एकही टचडाउन नाही. २०२१ चा हंगाम पूर्णच वाया.

कपच्या कथेला उत्तरार्ध आहे. २०२३ च्या आरंभी मांडीच्या दुखापतीमुळे तो पहिले चार सामने खेळू शकला नाही. त्याच्या जागी स्टॅफर्डने पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या पुका नाकुआ नावाच्या नवख्याकडे चेंडू फेकायला सुरुवात केली. ड्राफ्टच्या दिवशी फँटसीच्या बहुतेक लीगमध्ये त्याचे नावही कोणी घेतले नव्हते. त्याने त्या वर्षी १०५ झेल आणि १,४८६ यार्ड मिळवले. पदार्पणाच्या हंगामातील हे दोन्ही विक्रम ठरले. २०२५ च्या मार्चमध्ये रॅम्सने कपला मुक्त केले आणि तो सिॲटलकडे गेला. त्या वर्षीच्या याद्यांत नाकुआ पहिल्या पाचांत होता आणि कप कितीतरी खाली. जुन्या पेढीवरचा मुनीम आजारी पडावा, उमेदवार पोऱ्याने वही हाती घ्यावी आणि चार वर्षांत पेढीची सूत्रे त्याच्याकडे यावीत, तसेच हे घडले.

या कसोट्या लावून २०२५ ची यादी पाहिली तर काय दिसत होते? चेस पहिला, याबद्दल फारसे दुमत नव्हते. संधी तीच, क्वार्टरबॅक जो बरो तोच आणि मार्चमध्ये झालेला चार वर्षांचा १६ कोटी १० लाख डॉलरचा करार. फक्त ८४ गुणांची ती दरी त्याही वर्षी राहील असे गृहीत धरून लिलावात बोली चढवणे योग्य नव्हते. १७ टचडाउन हे त्याच्याही बाबतीत उधारीचेच धन होते. दुसरी पायरी जेफरसन, लॅम, नाकुआ, नेबर्स आणि सेंट ब्राउन यांची. त्यांच्यातला क्रम हा रुचीचा प्रश्न होता आणि प्रत्येकाजवळ काही जमेचे, काही खर्चाचे होते. जेफरसनची गुणवत्ता निर्विवाद. पण २०२४ चा क्वार्टरबॅक संघ सोडून गेला होता आणि चेंडू जे. जे. मॅकार्थीच्या हाती आला होता, ज्याचा पदार्पणाचा सबंध हंगाम गुडघ्याच्या दुखापतीत गेला. लॅमचा प्रेस्कॉट परत आला होता. मात्र डॅलसने जॉर्ज पिकन्सला आणल्यामुळे टार्गेटमध्ये वाटेकरी वाढला. नाकुआच्या बाबतीत स्टॅफर्डचे तेव्हाचे वय ३७ आणि त्या ऑगस्टमध्ये त्याने काढलेले पाठीचे दुखणे विचारात घ्यावे लागत होते. सेंट ब्राउनच्या संघाची चढाई आखणारे बेन जॉन्सन शिकागोचे मुख्य प्रशिक्षक झाले. नेबर्सचा संघ दुबळा. पण दुबळा संघ मागे पडतो, मागे पडला की चेंडू अधिक फेकतो आणि फेकत असे तो बहुधा नेबर्सकडेच.

त्याखाली ह्यूस्टनचा निको कॉलिन्स, जॅक्सनव्हिलचा ब्रायन थॉमस आणि अटलांटाचा ड्रेक लंडन. यांत लंडनकडे लोकांचे जरा दुर्लक्ष झाले असे वाटते. २०२४ मध्ये १०० झेल, १,२७१ यार्ड, ९ टचडाउन. त्या कामगिरीचा गाजावाजा मात्र झाला नाही. जाता जाता एक गंमत. चेस, जेफरसन, नेबर्स आणि थॉमस हे चौघेही लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी या एकाच विद्यापीठाचे.

फँटसीप्रोज नावाची संस्था अनेक तज्ज्ञांच्या याद्या एकत्र करून सरासरी क्रम काढते आणि हंगामानंतर कोणाचा अंदाज किती बरोबर आला याचे मोजमापही जाहीर करते. दलालाचा सल्ला विकत घेण्यापूर्वी त्याचा गेल्या वर्षीचा हिशेब पाहता यावा, अशी सोय आपल्याकडे शेअर बाजारात किती ठिकाणी आहे, हा प्रश्न येथे मनात आल्याशिवाय राहत नाही.

या साऱ्या हिशेबात एक गोष्ट नजरेआड होते. यादीतील नावे माणसांची आहेत. सेंट ब्राउन २०२१ मध्ये व्यावसायिक संघांच्या खऱ्या निवडीला सामोरा गेला तेव्हा त्याच्याआधी सोळा रिसीव्हर निवडले गेले. तो चौथ्या फेरीत ११२ वा आला. त्या सोळाही जणांची नावे, त्यांच्या विद्यापीठांसह आणि त्यांना घेणाऱ्या संघांसह, त्याला तोंडपाठ आहेत आणि मुलाखतींत त्याने ती एका दमात म्हणून दाखवली आहेत. क्रमवारी लावणारा यादी करून झोपी जातो. ज्याची क्रमवारी लागते तो ती वर्षानुवर्षे जवळ बाळगतो. कागदी संघ हरला म्हणून जखमी खेळाडूला शिवीगाळ करणारे संदेश धाडणारे महाभाग तिकडे कमी नाहीत. घरातील मुलगा यादी करीत असेल तर ही बाब त्याच्या कानी घालणे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

आणि आता पैशाचा प्रश्न. द्यूत हे सप्तव्यसनांत पहिले मोजणाऱ्या घरांत तो टाळता येणारच नाही. मित्रांच्या लीगमध्ये वर्षाला एक ठरावीक वर्गणी असते, विजेत्याला त्यातून बक्षीस मिळते. काही ठिकाणी नुसती ढाल फिरते. हरणाऱ्याचे नुकसान आरंभीच ठरलेले असते आणि निकाल चार महिन्यांनी लागतो. अमेरिकेच्या २००६ च्या कायद्याने इंटरनेटवरील जुगाराच्या देवघेवीवर निर्बंध आणताना फँटसीला वगळले, ते काही अटींवर: बक्षीस आधी ठरलेले असावे, निकाल ज्ञान आणि कौशल्य यांवर अवलंबून असावा, एकाच सामन्यावर किंवा एकाच खेळाडूवर तो ठरू नये. या सवलतीच्या आधारे पुढे रोजच्या रोज नवा संघ आणि नवी वर्गणी अशा स्पर्धा उभ्या राहिल्या. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी त्यांना जुगार ठरवून थांबवण्याचे आदेश दिले. २०१६ मध्ये राज्याने कायदा करून परवानगी दिली. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला.

आपल्याकडे हीच कल्पना क्रिकेटवर बेतून हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये मुंबईत ड्रीम११ ही कंपनी काढली. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने हा कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संमत केला, २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला पडला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. ड्रीम११ने पैशाच्या स्पर्धा तत्काळ बंद केल्या.

न्यायालये आणि संसद काहीही ठरवोत, कौशल्याचा भाग किती हे वर आलेल्या आकड्यांवरूनच तपासता येते. १७ सामन्यांच्या हंगामात टार्गेटचा हिशेब, पायऱ्या, अंतर यांना वाव मिळतो. कौशल्य हळूहळू वर येते. एका रविवारी मात्र नेबर्सकडे दहा चेंडू येऊनही तो कोरडा राहू शकतो आणि एक चेंडू मिळालेला कोणीतरी ऐंशी यार्ड पळून जातो. मुदत जितकी आखूड, तितके नशीब वरचढ. वर्षाची वर्गणी आणि रोजची वर्गणी यांत हाच फरक आहे आणि परदेशातील मुलाला प्रश्न विचारायचाच असेल तर ‘तू खेळतोस का?’ यापेक्षा ‘वर्षातून किती वेळा पैसे भरतोस?’ हा विचारावा.

२०२५ च्या हंगामाचा पहिला सामना फिलाडेल्फियात, डॅलसविरुद्ध झाला. भारतात तेव्हा ५ सप्टेंबरची पहाट होती, पावणेसहाच्या पुढे. लॅम मैदानात उतरला, प्रेस्कॉट चेंडू फेकू लागला आणि त्यातले किती पिकन्सकडे जातात ते दिसू लागले.